हिरव्या गाडीचा अ‍ॅक्सल

जुनी गाडी हातात आली की रंगाकडे बघायचं नाही, आधी ती उलटी करायची. रंग कोणीही मारतं. भोसरीत हातगाड्या, शाळेची फाटकं आणि देवळाची दारं एकाच हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली असत. तो रंग कुठल्या कारखान्याच्या गेटमधून बाहेर यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विचारत नव्हतं. गाडीच्या पोटाखाली मात्र देशाचं नाव उठवलेलं असतं, एखादा आकडा असतो, आणि स्क्रू असतात. त्या स्क्रूंचे आटे आपल्याकडच्या स्क्रूंशी जुळत नाहीत. तिथे आपला स्क्रू दाबून बसवलेला दिसला, की समजायचं: ही गाडी कोणीतरी आधी उघडली आहे आणि आतलं काहीतरी गेलं आहे.

मी सांगते आहे ते स्लॉट कारबद्दल. आमच्या घरात त्यांना खाचेतल्या गाड्या म्हणत. तळहाताएवढी मोटार, खाली काळा प्लास्टिकचा रस्ता. रस्त्याच्या मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या बारीक पट्ट्या, आणि पट्ट्यांत वीज. गाडीच्या नाकाखालचं पातं खाचेत बसतं, त्याच्या बाजूच्या तांब्याच्या विणलेल्या जाळ्या वीज घेतात, पोटातली मोटर फिरते आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचं दातेरी चाक फिरवते. खेळणाऱ्याच्या हातात एक खटका असतो. अंगठ्याने जेवढा दाबाल तेवढी गाडी पळते.

या गाड्या आमच्याकडे दुकानांतून आल्या नाहीत. पिंपरी-चिंचवडला मोठे कारखाने उभे राहत होते तेव्हा परदेशी इंजिनियर आले, बंगल्यांत राहिले, त्यांची मुलं या गाड्या खेळली. करार संपले तसे ते गेले. जाताना सामान हलकं केलं. एक मोठा संच कंपनीच्या ऑफिसर्स क्लबात काही वर्षं होता, मग तोही मोडला आणि भंगारात निघाला. त्यानंतर त्याचे अवयव या पट्ट्यात कुठे कुठे पांगले ते शोधणं हाच माझा छंद झाला. मोशीला आईच्या माहेरी शेजारच्या घरात रस्त्याचा एक तुकडा सापडला. त्या बाई त्याच्या खाचेत उलथनी उभी करून ठेवत. चिंचवडच्या एका सायकलवाल्याने खटक्याचं हॉर्नचं बटण केलं होतं. गाड्यांची वरची कवचं पोरं दोरी बांधून ओढत होती. पुण्याच्या जुन्या बाजारात मात्र शहाणे लोक बसत. एकीचं कवच दुसरीच्या पोटावर चढवायचे आणि "अस्सल इंग्लिश" म्हणून पुढे करायचे. मी ती गाडी उलटी केली की त्यांचे चेहरे पडत. "बाई, घ्यायची तर घ्या, डॉक्टरकी कशाला करताय?" असं एकजण मला दर वेळी म्हणायचा.

माझी पहिली गाडी हिरवी होती. मी शाळेत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये टर्नर होते. एका बंगल्यावर बंद पडलेला पंप बघायला त्यांना पाठवलं होतं, तिथल्या मडमेने आवराआवरीतून ती गाडी त्यांच्या हातात दिली. मागची चाकं नव्हती, कारण मागचा अ‍ॅक्सलच नव्हता. बॅटरी लावली की मोटर पोटात किर्र वाजायची आणि गाडी जागची हलायची नाही. पुढच्या काही वर्षांत मला चाकं मिळाली, टायर मिळाले, अगदी अ‍ॅक्सलवरचं पिवळं दातेरी चाकही एका मोडक्या गाडीतून मिळालं. अ‍ॅक्सल मिळाला नाही. त्या गाडीचा अ‍ॅक्सल इतर गाड्यांच्या अ‍ॅक्सलपेक्षा किंचित बारीक असणार, हे भोकांवरून कळत होतं. दुसरा कुठलाही बसत नव्हता.

अण्णा मूळचे निघोज्याचे. शेतीतून आलेला माणूस लेथवर गेला की काहीजण मशीनला बैलासारखं वागवतात. अण्णा तसे नव्हते. ते मशीनपेक्षा पुढच्या माणसाची काळजी करत. "कड मोडल्याबिगर काम सोडायचं न्हाई. फुडच्याचा हात कापतो," असं ते म्हणत. नव्या कापलेल्या धातूच्या कडेची धार कानशीने जराशी तिरकी मोडतात, त्याला टूलरूममध्ये चॅम्फर म्हणतात. अण्णा घरातही चॅम्फर मारत. आईची नवी किसणी, पत्र्याच्या डब्याचं झाकण, माझ्या पाटीची चौकट, वस्तू घरात आली की आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरायचा आणि मग कानस.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्रकं. अण्णा युनियनच्या कमिटीवर होते. आमच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असत, डाळीच्या पुड्या पत्रकांच्या, माझ्या वह्यांची कव्हरं पत्रकांची. अक्षरं मी शाळेत शिकले, पण वाक्य कसं उभं राहतं ते पत्रकांवरून शिकले. "मालकाला सत्याची भीती वाटते, कामगाराला सत्यावाचून दुसरं हत्यार नाही." असलं वाक्य मी सात-आठ वर्षांची असताना जेवताना मोठ्याने वाचायची आणि अण्णा घास थांबवून ऐकायचे. मी ते नुसतं वाचलं नाही, त्यावर विश्वास ठेवला. अजूनही आहे. चारचौघांत तो भाबडेपणा ठरतो, तर ठरो.

अशा घरातल्या मुलीने साहेबांच्या पोरांची खेळणी जमवावी याची चेष्टा होणारच. सगळ्यांत जास्त करायचे ते काका. नात्याने कोणी नव्हेत, ते अण्णांच्या शेजारच्या लेथवर काम करत आणि युनियनचे सेक्रेटरी होते.

"काय गं, क्रांती झाल्यावर गेटवर रेस लावायचा इचार हाय का?"

"लावू की. तुम्हाला झेंडा दाखवायला उभं करू."

"लाल दाखवला तर थांबायचं का पळायचं, ते आधी ठरवा," आई आतून म्हणायची.

मी चिडत असे, कारण माझ्याकडे उत्तर होतं. ही खेळणी साहेबांनी केली नव्हती. कवचाच्या आतल्या बाजूला, जिथे काच चिकटवलेली असते, तिथे कधी कधी वाळलेल्या गोंदात बोटाचा ठसा सापडतो. कुठल्यातरी परक्या गावच्या बाईचा, कामाची पाळी संपायची वाट बघत बसलेल्या. तो ठसा मालकाचा नाही. मी गाड्या गोळा करत होते ते त्या ठशासाठी, असं मी म्हणायची. ते पूर्ण खरं नव्हतं. मला गाड्या आवडत होत्या.

आणीबाणी उठली आणि दबलेल्या मागण्या सगळ्या कारखान्यांतून एकदम वर आल्या. आमच्या अण्णांच्या कंपनीत नव्या करारासाठी बोलणी सुरू होती. कमिटीत बोलणारे खूप होते, पण आकडे, कलमं आणि मशीनवरचा अनुभव एकत्र करून साहेबासमोर शांतपणे मांडणारा माणूस एकच होता. अण्णा. गेटसभेत त्यांनी बोलायला सुरुवात केली की मागे चहाच्या गाडीवर उभे असलेले लोकही ग्लास खाली ठेवत. बोलणी अडली त्या आठवड्यात गेटवरच्या झडत्या अचानक कडक झाल्या. एका संध्याकाळी अण्णांची पिशवी उघडली. डब्याखाली, चिंधीत गुंडाळलेला, अ‍ॅक्सल होता. त्यावर पिवळं दातेरी चाक.

"पोरीच्या खेळन्यातला हाय," अण्णा म्हणाले.

रखवालदार रोजचा होता, त्याने मान खाली घातली. पण त्याच्यामागे एक अधिकारी उभा होता. दुसऱ्या दिवशी अण्णा सस्पेंड झाले. चार्जशीटमध्ये लिहिलं होतं: कंपनीच्या मालाची चोरी.

यात काय पणाला लागलं होतं ते आमच्या गल्लीत प्रत्येकाला कळत होतं. चोर ठरलेला माणूस कमिटीत बसू शकत नाही. बसला तरी साहेब त्याच्या प्रत्येक वाक्यावर फक्त हसणार. कंपनीला अ‍ॅक्सल नको होता, अण्णांचं तोंड बंद हवं होतं.

मी त्याच संध्याकाळी माझी पेटी उघडून पाहिली. काड्यापेटीत ठेवलेलं पिवळं चाक नव्हतं. म्हणजे अण्णांनी ते घेतलं होतं.

"अ‍ॅक्सल कुठे मिळाला?" मी विचारलं.

"मिळाला. जुन्या बाजारात."

"मला का नाही सांगितलं?"

"बसवून देनार हुतो. चाक तेवढं ढिलं हुतं, म्हून नेला संगं."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं शोधलेली वस्तू मिळाली होती आणि तीच अण्णांना सोडवणार होती. काकांनी पत्रक काढलं. मजकूर त्यांचा, स्टेन्सिलवरचं अक्षर माझं. "परदेशी खेळण्यातला जुना, गंजका भाग खिशात सापडला म्हणून वीस वर्षं इमानाने राबलेल्या कामगाराला चोर ठरवणाऱ्या व्यवस्थापनाचा धिक्कार असो." खिशात नाही, पिशवीत सापडला होता. मी म्हटलं, तर काका म्हणाले, "खिशात वाचायला बरं वाटतं."

चौकशीला साक्षीदार म्हणून मला न्यायचं ठरलं. काकांनी बसवून सांगितलं, "तुला पंडिती करायची न्हाई. भाग जुना आहे, परदेशी आहे, माझ्या गाडीचा आहे. एवढं बोलायचं आन खाली बसायचं."

चौकशी कंपनीच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर होती. चौकशी अधिकारी पुण्याहून आणलेले वकील होते, सभ्य माणूस, मला त्यांनी आधी पाणी दिलं. त्यांच्या डाव्या हाताला कंपनीचा अधिकारी, उजवीकडे टाइपरायटरवर एक मुलगा. अण्णा आणि काका माझ्या बाजूला. मी पुरावा म्हणून हिरवी गाडी नेली होती. गाडी वकिलांच्या समोर उलटी करून मी त्यांना देशाचं नाव दाखवलं, स्क्रूचे आटे दाखवले, रिकामी जागा दाखवली. ते खरोखर लक्ष देऊन बघत होते. "माझ्या मुलालाही असलं काही हवं आहे," ते म्हणाले. सगळे जरा सैलावले.

मग लाखेचं सील तोडून त्यांनी पाकिटातून अ‍ॅक्सल काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

रंग काळसर होता, जुन्या लोखंडाला येतो तसा. जाडी बरोबर होती. मी तो गाडीत धरून पाहिला. जागेवर अलगद बसला. पिवळं चाक माझंच होतं, त्याचा एक दात किंचित खाल्लेला होता, मी ओळखलं. मग सवयीने मी टोकं बघितली.

कारखान्यात हजारोंनी निघणारे असले अ‍ॅक्सल तारेतून कात्रीने कापावेत तसे तोडलेले असतात. टोक थोडं चेपलेलं, एका कडेला धातूची बारीक जीभ. कोणी ती काढत बसत नाही, कारण टोक चाकाच्या आत जातं आणि कोणाला दिसत नाही. माझ्याकडच्या सगळ्या गाड्यांच्या अ‍ॅक्सलची टोकं तशीच आहेत. या अ‍ॅक्सलची टोकं सपाट होती, आणि दोन्ही टोकांना कड मोडलेली होती. इतकी बारीक, की डोळ्यांना आधी दिसली नाही, अंगठ्याला लागली.

काळा रंगही मग कळला. पोलाद तापवून तेलात बुडवलं की तसा रंग येतो. अण्णांनी नवा तुकडा जुना केला होता. कंपनीला फसवायला नाही, माझ्यासाठी. मी हिरवी गाडी उलटी करणार, अ‍ॅक्सल तपासणार, हे त्यांना माहीत होतं. मला तो सापडल्यासारखा वाटावा म्हणून त्यांनी सगळं केलं, आणि कड मोडल्याशिवाय मात्र त्यांना काम सोडता आलं नाही.

मी अण्णांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

"बोला ना," वकील म्हणाले. "हा भाग परदेशी बनावटीचा आहे का?"

त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही ते ओळखता आलं नसतं. कंपनीच्या अधिकाऱ्यालाही नाही. मी होय म्हटलं असतं, तर टाइपरायटरवर होय उमटलं असतं आणि आठवडाभरात अण्णा कामावर गेले असते. हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. मी गोंधळले होते असं म्हणायची सोय मला नाही.

"चाक परदेशी आहे," मी म्हणाले. "अ‍ॅक्सल नाही."

काकांनी खुर्ची सरकवली. टाइप करणारा मुलगा थांबला.

"मग कुठला आहे?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "म्या केलाय. जेवनाच्या सुट्टीत. स्क्रॅपच्या पेटीतला तुकडा हुता."

कंपनीच्या अधिकाऱ्याने पेन उचललं. तेव्हा काका उठले आणि जोरात म्हणाले की टूलरूममध्ये घरची खासगी कामं रोज होतात, साहेबांच्या बंगल्यातल्या पडद्यांच्या नळ्या कोणी केल्या, मॅनेजरसाहेबांच्या देवघरातली समई कोणी जोडली, कोणत्या गेटपासवर ती बाहेर गेली, ते आधी विचारा. हे सगळं खरं होतं. तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. वकिलांनी हात वर केला. "तो या चौकशीचा विषय नाही," ते म्हणाले. टाइपरायटर त्या वेळी चालू नव्हता.

काका माझ्यापुढे भराभर जिना उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "व्हय म्हनायला काय झालं हुतं तुला? एक अक्षर."

"आणि उद्या साहेब खोटं बोलला तर आपण काय तोंडाने पत्रक काढायचं?"

"पत्रक काढायला मानूस लागतो, बाई. मानूसच राहिला न्हाई तर?"

अण्णा सायकलचं कुलूप काढत होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चल, उशीर व्हतोय."

दोन दिवसांनी कंपनीने निरोप पाठवला. चूक लेखी मान्य करा, कमिटीचा राजीनामा द्या, गेटसभेत बोलणार नाही असं लिहून द्या, कामावर या. नाहीतर बडतर्फी आणि मग लेबर कोर्टात जायचं तर जा. मी पेटले. सही करायची नाही, कोर्टात जायचं, समईचे आणि नळ्यांचे साक्षीदार उभे करायचे, मी रात्रंदिवस पत्रकं लिहीन. मी उभी राहून बोलत होते आणि अण्णा पाटावर बसून ऐकत होते, लहानपणी ऐकायचे तसे.

"साक्षीला कोन येनार?" ते म्हणाले. "ज्यानं समई केली, त्याची नोकरी जाईल."

"म्हणून तुम्ही तोंड शिवून घ्यायचं?"

"तू खरं बोललीस, ते बरं केलंस. म्याबी बोललो. आता फुडं काय करायचं ते मला ठरवू दे."

आई म्हणाली, "दोघं बी लई खरे. घर पत्रकांनी भरलंय, बसा वाचत." आणि स्वयंपाकघरात गेली.

अण्णांनी सही केली. मी त्यांच्याशी कितीतरी दिवस नीट बोलले नाही. लोकांना वाटलं, मला माझ्या साक्षीची लाज वाटते. मला लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही. पण ज्या वाक्यावर मी वाढले, त्यात सत्य हे हत्यार होतं. ते हातात घेतल्यावर कोणाला लागतं, हे त्या पत्रकात कुठेच छापलेलं नव्हतं. या गोष्टीचा राग कोणावर काढायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

करार शेवटी झाला. त्याआधीच्या मोठ्या गेटसभेला मी गेले. काका बोलत होते, त्यांचा आवाज मोठा होता, आकडे चुकत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "त्यांना बोलू द्या राव," आणि चारपाच डोकी अण्णांकडे वळली. अण्णा सायकल धरून रस्त्याच्या पलीकडे उभे होते. कंपनीच्या हद्दीत नव्हते, गर्दीतही नव्हते. त्यांनी मान हलवली. गेटच्या आत एक अधिकारी हाताची घडी घालून बघत होता. काकांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

सभा संपल्यावर आम्ही भोसरीच्या रस्त्याला लागलो. अण्णा सायकलवर बसले नाहीत, हाताने ढकलत चालले. मग एकदम म्हणाले, "ओव्हरटाइमचं कलम असं मांडायचं नसतं."

आणि ते बोलायला लागले. ओव्हरटाइम कामगाराच्या खुशीचा का हवा, बदली कामगाराला कायम करायची मुदत का ठरवायला हवी, निघोज्याहून आणि चाकणच्या बाजूने पहाटे निघणाऱ्या पोरांना पहिल्या पाळीला पोचायला काय करावं लागतं. आवाज हळू होता, पण वाक्यं गेटवरची होती, मध्ये थांबायची जागाही तीच. एक ट्रक अगदी जवळून गेला आणि मधला एक सबंध मुद्दा त्याच्या आवाजात गेला. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही. त्यांना तोडायचं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले, सभेत शेवटी टाळ्यांसाठी थांबायचे तसे. मी काय करायला हवं होतं, मला कळेना. रस्त्यावर गाड्या होत्या. त्या गेल्यावर आम्ही रस्ता ओलांडला.